‘सिक्युरिटी लावा आणि बिनधास्त कॉपी करा’ म्हणे!

आमच्या वहिनी एका पतसंस्थेत हिशेब बघतात. विंडोजच्या ‘गुप्त टिप्स’चा एक मेसेज फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला. तो मला पाठवून त्या विचारतात, “भावजी, हे खरं ना? मी पगारपत्रक कॉमन फोल्डरमध्ये कॉपी केलंय.” म्हणजे गोंधळ होऊन बसला होता.

मेसेजचा पहिला दावा: फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सिक्युरिटी टॅबमधून एकदा परवानग्या (फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची याचे नियम) लावल्या, की फाइल कुठेही कॉपी करा, परवानग्या तशाच राहतात. साफ खोटं. कॉपी म्हणजे नवी फाइल, आणि नवी फाइल ज्या फोल्डरमध्ये जन्मते त्याच्या परवानग्या घेते. कॉमन फोल्डर सगळ्यांना वाचता येतो, म्हणून वहिनींचं पगारपत्रकही सगळ्यांना वाचता येत होतं. मूळ फाइल आपल्या जागी कडेकोट बंदोबस्तात होती, पण त्याचा उपयोग काय? आणखी एक गंमत. ज्याला फाइल वाचता येते, त्याला ती कॉपीही करता येते. त्या कॉपीचा मालक तोच, आणि मालकाला परवानग्या बदलता येतात. मग तुमचं ‘लॉक’ राहिलं कुठे? आधी ती फाइल तिथून काढायला लावली, बाकीचं मग.

दुसरा दावा तर कहर आहे: पेनड्राइव्ह हरवला तरी परक्याला फाइल उघडता येत नाही. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ नाहीतर एक्सफॅट या पद्धतीने (डिस्कवर फाइली मांडायच्या या पद्धती) फॉरमॅट केलेले असतात, आणि तिथे परवानग्या लिहून ठेवायला जागाच नसते. आपल्या पेनड्राइव्हवरच्या फाइलच्या प्रॉपर्टीज उघडून बघा, सिक्युरिटी टॅबच दिसणार नाही. पेनड्राइव्ह एनटीएफएसचा, म्हणजे परवानग्या लिहून ठेवणाऱ्या पद्धतीचा असला तरी दुसऱ्या मशीनचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर फाइलची मालकी स्वतःकडे घेऊ शकतो. पेनड्राइव्ह न्यायचाच असेल तर बिटलॉकर (विंडोजचं अख्खी डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावा, निदान एक्सेलच्या फाइलला उघडण्याचा पासवर्ड घाला.

तिसरा दावा: कट-पेस्ट आणि कॉपी-पेस्ट एकच. नाही. आणि इथेच, नाइलाजाने, मेसेजवाल्याला थोडे गुण द्यावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या ३१०३१६ क्रमांकाच्या सपोर्ट लेखात नियम स्पष्ट दिलाय: फाइल कॉपी करा की हलवा, ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते, अपवाद एकच, त्याच व्हॉल्यूमवर (म्हणजे सी, डी अशा एकाच ड्राइव्हवर) हलवली तर मूळच्या परवानग्या टिकतात. कारण तिथे फाइल जागची हलतच नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. ‘परवानग्या सोबत जातात’ ही समजूत बहुधा इथूनच निघाली असावी.

‘अ‍ॅक्सेस डिनाइड आलं तर एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या’, म्हणजे फाइल उघडेना तर सगळ्यांनाच सगळे अधिकार देऊन टाका, या शेवटच्या टिपेवर शब्द खर्च करत नाही. परवानग्यांसकट फाइली न्यायच्याच असतील तर रोबोकॉपी ही विंडोजमधलीच, टाइप करून द्यायची कॉपीची कमांड आहे. पण तीही आपणहून फक्त मजकूर, अ‍ॅट्रिब्यूट आणि तारखा नेते. परवानग्या हव्या असतील तर ‘सेक’ नाहीतर ‘कॉपीऑल’ हा स्विच (कमांडपुढे लिहायचा जादा शब्द) द्यावा लागतो, आणि पलीकडची डिस्क एनटीएफएस लागते.