मास्तरांचा सत्कार असा करावा

ज्यांनी तुम्हाला पक्षी बघायला शिकवलं त्यांचा सत्कार करायचं मनात आलं, तर लगेच त्यांना विचारायला धावू नका. आधी हॉल मोकळा आहे का बघा, मग आमदारसाहेबांची वेळ घ्या, आणि दोन्ही जुळलं की मास्तरांना कळवा. ते कुठे जाणार आहेत? फार तर खाडीवर. नोव्हेंबरातला पक्षी सप्ताह सगळ्यात सोयीचा. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सालिम अलींचा, म्हणजे बॅनरवरचे दोन मोठे फोटो आयतेच मिळतात. मास्तर खाली कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या रांगेच्या जरा वर बसतात. आता याच दिवसांत उत्तरेकडून आलेले चिखले, तुतवार, कुरव खाडीत उतरलेले असतात आणि मास्तरांना त्यांची मोजणी करायची असते, हे खरं. पण चिखले पुढच्या वर्षीही येतील. आमदारांचं सांगता येत नाही.

कोकणात तालुक्याला असे एक मास्तर असतातच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, पायात रबरी चप्पल, दुर्बिणीचा पट्टा दोनदा चांभाराकडून शिवून घेतलेला. तुम्ही नवा कॅमेरा घेऊन पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलात तेव्हा ते म्हणाले होते, ‘पयले कान, मगे डोळे, आणि कॅमेरो सगळ्यात शेवटाक.’ हे वाक्य मानपत्रात घ्या. छान फ्रेममध्ये बसतं. पाळायचं मात्र नाही. नाहीतर लेन्सचे हप्ते कशासाठी भरताय?

सत्काराचं सामान ठरलेलं आहे. शाल द्या, कारण नोव्हेंबरात भरदुपारी कोकणात माणसाला ऊबच लागते. ज्याच्या परसात चाळीस माड आहेत त्याला नारळ द्या. स्मृतिचिन्हावर धनेश छापायचा असेल तर छपाईवाल्याला फक्त ‘मोठ्या चोचीचा पक्षी’ एवढंच सांगा. तो इंटरनेटवरून दक्षिण अमेरिकेतला टूकान काढून देईल, रंग झकास येतात. मास्तर ते हातात घेऊन एकदा चष्म्याच्या वरून बघतील, एकदा खालून बघतील, आणि काही बोलणार नाहीत. तेवढ्यात फोटो काढून घ्या.

भाषणात सुगरणीचा दाखला द्याच, आणि घरटं मादी विणते, म्हणून ती आदर्श गृहिणी, असं ठोकून द्या. टाळ्या हमखास. हा दाखला कोकणात देताना मात्र थोडी लाज बाजूला ठेवावी लागते. सालिम अली बर्लिनहून जर्मन पक्षितज्ज्ञ एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकून परत आले तेव्हा हातात नोकरी नव्हती. १९३० साली ते आपल्या अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि पावसाळाभर सुगरणींची एक वसाहत बघत बसले. त्यांना दिसलं ते असं: घरटं नर विणतो. अर्धं विणून झालं की माद्या येतात, आत शिरून तपासतात, पसंत पडलं तरच राहतात. मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. श्ट्रेझमान यांना ते आयुष्यभर गुरू मानत आले. पण गुरूसाठी त्यांनी काय केलं? शाल नाही, श्रीफळ नाही, कमान नाही. नुसते बसून राहिले आणि दिसलं ते लिहून काढलं. असल्या गुरुदक्षिणेला वर्तमानपत्रात कोण जागा देणार?

मास्तरांनाही हाच रोग आहे. त्यांच्या वह्या बघितल्यात का कधी? शंभरपानी, पुठ्ठ्याला ओल लागून फुगलेल्या, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. प्रत्येक पानावर तारीख, जागा, वेळ, भरती की ओहोटी, वारा कुठला. पुढे पक्षी आणि आकडा. जिथे नीट दिसला नाही तिथे समासात ‘शंका’. आणि कहर म्हणजे पानंच्या पानं ‘आज नाही’, ‘आजही नाही’. नसलेला पक्षी लिहून ठेवणाऱ्या माणसाचं काय करायचं? पुढेमागे कुणी विचारलंच की खाडीत भराव पडण्याआधी इथे काय होतं, तर उत्तर त्या ‘आज नाही’ कधीपासून सुरू झालं त्यातच असेल. पण असं विचारणार कोण? तुम्ही आपलं मोबाइलवर ‘लायफर!’ (म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी) टाका आणि जागेच्या रकान्यात ‘कोकण’ लिहा.

तारीख-जागेच्या लेबलाचा हा सोस मोठ्या लोकांनी केव्हाच सोडून दिला होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांचंच घ्या. नावाजलेले पक्षितज्ज्ञ, १९३७ मध्ये सालिम अलींबरोबर अफगाणिस्तानात हिंडलेले. त्यांनी संग्रहालयातले दुसऱ्यांचे नमुने उचलले आणि त्यांवर स्वतःच्या तारखा, स्वतःच्या जागा चिकटवल्या. त्यात आपला रानपिंगळाही होता, पुढे नामशेष झाला असं समजलं गेलेलं छोटं घुबड. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला नमुना कर्नलसाहेबांच्या लेबलावर ‘१९१४, मांडवी’ झाला. पुढच्यांनी त्या भरवशावर गुजरातेत शोधाशोध केली. पिंगळा कसला सापडतोय! शेवटी अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते लेबल खोटं म्हणून बाजूला ठेवलं, जुनी खरी लेबलं वाचली आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. २०१४ मध्ये तर तो तानसाच्या जंगलात, म्हणजे आपल्या कोकण विभागातच दिसला. ही गोष्ट मास्तरांनी तुम्हाला खाडीच्या बांधावर बसून सांगितली होती, तेव्हा तुम्ही रेंज शोधत होता. हरकत नाही. कर्नलसाहेबही हयातभर मानाने जगले.

आणखी एक नियम मास्तर घोकून घेतात: घरट्याची जागा चारचौघांत सांगायची नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्या लाळेने घरटी चिकटवतात आणि ती खरवडून विकणारी माणसं आहेत, हे त्यांना ठाऊक असतं. तुम्ही व्यासपीठावरून समुद्री गरुडाच्या घरट्याचं लोकेशन जाहीर करा. कुठल्या सुरूवर, कुठल्या वाडीमागे, गाडी कुठवर जाते, सगळं. सत्काराला आलेल्या पाहुण्यांना दुपारी तिकडेच न्या, ड्रोन असेल तर उत्तम. मूळ घरटं मास्तरांना ज्या रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, दाखवलं त्याला बोलवायची गरज नाही. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, आणि मास्तर भाषणात ते घेतील तेव्हा माइक बरोबर खरखरेल.

मग चहा, बटाटेवडा, आभार. फटाके लावायचे असतील तर हॉलच्या मागच्या बाजूला लावा, खाडीकडे तोंड करून. पुढे गाड्या असतात.

श्रद्धांजलीचा मजकूरही याच महिन्यात तयार करून ठेवा, पुढे घाई होते. सत्काराचा फोटो आहेच, त्यात मध्यभागी तुम्ही असाल, आमदारसाहेबांना कापलं की झालं. ‘चालताबोलता ज्ञानकोश’ हे शब्द विसरू नका. तो मजकूर छापून आला की पंधरवड्याने मास्तरांच्या सुनेचा फोन येईल: ‘भावजी, माळ्यावर बाबांच्या वह्यांच्या दोन पेट्या आहेत, एकीला वाळवी लागली आहे, काय करू?’ आवाज जड करा आणि सांगा, ‘वहिनी, एक पान टाकू नका, अमूल्य ठेवा आहे तो. पावसाळा संपला की मी स्वतः येऊन घेऊन जातो.’

कुठला पावसाळा, ते सांगू नका.