कायमची करमाफी

'रेल्वे आली आणि गावाचं नशीब उजळलं' असं कॅनडातल्या विनिपेगबद्दल कुणी लिहिलं की मला राहवत नाही. अहो, रेल्वे आली नाही, आणली. पैसे मोजून आणली.

कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा रूळ रेड नदी ओलांडणार होता तो उत्तरेला, सेलकर्कपाशी. सर्वेक्षणाचे प्रमुख सँडफोर्ड फ्लेमिंग (प्रमाणवेळेसाठी जगाच्या मागे लागलेले तेच) यांना विनिपेगच्या पुराची धास्ती होती. विनिपेगचे व्यापारी इरेला पेटले. २ लाख डॉलर, स्टेशनला फुकट जागा, १८८१मध्ये नदीवर लुईस पूल, आणि वर कंपनीला नगरपालिकेचा कर माफ. किती वर्षं? कायमचा!

सौदा फळला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पश्चिमेचा सगळा गहू इथूनच जायचा. तपासनीस मालडब्यात चढून पितळी नळी गव्हात खोल खुपसायचे आणि तळापर्यंतचा नमुना काढायचे. त्यावर प्रत ठरायची, आणि ग्रेन एक्स्चेंजमध्ये, म्हणजे धान्याच्या बाजारात, भाव. ठोक व्यापाऱ्यांना १८८६पासून रेल्वेच्या भाड्यात सवलतही होती. जकात नाक्यावर बसल्यासारखी कमाई! १९०१मध्ये ४२ हजार वस्तीचं शहर १९११मध्ये १ लाख ३६ हजारांवर गेलं. देशातली मोठी शहरं म्हणजे मॉन्ट्रियल, टोरांटो आणि मग विनिपेग.

१९१४मध्ये पनामा कालवा उघडला. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर बंदरातून समुद्रमार्ग स्वस्त पडू लागला आणि नाक्याची सद्दी संपत गेली. करमाफी मात्र १९६०च्या दशकापर्यंत चालली. माझा राग आहे तो इथे. भरभराट तीसेक वर्षांची आणि सूट जन्मोजन्मीची, हा कुठला हिशेब?

भुर्दंड पडला तो कंपनीच्या रेल्वे यार्डापलीकडच्या नॉर्थ एंडला. युक्रेनियन, ज्यू, पोलिश कामगारांची ही वस्ती रुळांच्या जंजाळाने उरलेल्या शहरापासून तोडली. १९१९च्या सार्वत्रिक संपात सुमारे ३० हजार कामगार उतरले, पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले, त्याची मुळं या विषमतेतही आहेत. आणि पूर? १९५०मध्ये आलाच. मग नदीचं पाणी शहराबाहेरून वळवायला ४७ किलोमीटरचा कालवा खणावा लागला.

यार्ड आजही तिथेच आहे. त्यावरचा १९१२चा आर्लिंग्टन पूल २०२३मध्ये जीर्ण म्हणून बंद झाला. यार्ड हलवा, ही मागणी जुनीच, आणि मला ती रास्त वाटते. पण ते हलवायचा खर्च विनिपेगच्या करदात्यांच्या माथी मारू नका. त्यांनी एकदा भरलाय.