सिगार सेलोफेनसकट कापावी काय? एका बहुचर्चित सल्ल्याचा प्रतिवाद

सिगार कापण्याविषयीचा एक सल्ला बरेच दिवस समाजमाध्यमांवर फिरतो आहे आणि नव्याने सिगार हाती घेणारे लोक तो नियमावलीसारखा पाळतात. त्याचा आशय थोडक्यात असा : सिगारवरचे सेलोफेन कापण्यापूर्वी काढू नये, कारण ते पानाला घट्ट धरून ठेवते व फाटू देत नाही, शिवाय ते हवाबंद असल्यामुळे ओलावा टिकतो. सिगारचे बाहेरचे पान केवळ शोभेचे असते, ते चिरलेच तर सरळ सोलून टाकावे. पात्याने कापताना टोपी, म्हणजे ओठांत धरायच्या टोकावर चिकटवलेला पानाचा गोल तुकडा, मुळापासून उडवावी, कापण्याआधी टोक तोंडात धरून चांगले भिजवावे आणि कागदी पट्टी आधीच काढून टाकावी. त्याऐवजी पंचने, म्हणजे भोक पाडायच्या गोल धारेच्या साधनाने, बारीक भोक पाडल्यास धूर गाळून येतो व अपाय कमी होतो. हा सल्ला मोठ्या आत्मविश्वासाने दिलेला आहे आणि त्यातले जवळपास प्रत्येक विधान चुकीचे आहे. शेवटचे विधान तर माणसाच्या जिवाशी संबंधित आहे, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

त्याआधी सिगारची घडण समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच निघाले आहेत. हाताने वळलेल्या सिगारमध्ये तीन थर असतात. सर्वांत आत भरणाची पाने असतात; क्यूबामध्ये त्यांत रोपाच्या खालच्या भागातले व्होलादो, मधले सेको आणि वरचे, उन्हाने जाड व कडक झालेले लिगेरो यांचे मिश्रण केले जाते. या भरणाभोवती बांधणीचे पान आणि सर्वांवर बाह्य पान असते. हे बाह्य पान आधी दमट करून मऊ केले जाते, त्याची मधली शीर काढली जाते आणि उरलेल्या अर्ध्या पानाची कड ‘चावेता’ नावाच्या वक्र धारेच्या पात्याने नीट कापून घेतली जाते. मग सिगारचे जे टोक पेटवायचे असते तिथून सुरुवात करून कारागीर ते पान तिरपे, प्रत्येक वळसा आधीच्या वळशावर थोडा चढवत, डोक्याकडे, म्हणजे ओठांत धरायच्या टोकाकडे, नेतो. डोक्याशी आल्यावर पानाचे टोक वनस्पतिजन्य डिंकाने चिकटवले जाते आणि त्यावर पानाचाच छोटा गोल तुकडा बसवला जातो. त्याला टोपी म्हणतात. याचा अर्थ असा की बाह्य पानाचा शेवट टोपीखाली दडलेला असतो आणि सगळी गुंडाळी टोपीच्या आधारावर टिकून राहते.

आता पहिले व मुख्य विधान घेऊ : सेलोफेन पानाला धरून ठेवते, म्हणून त्याच्यासकट कापावे. सेलोफेनची नळी सिगारपेक्षा रुंद असते. तशी ती नसती, तर सिगार तिच्यात सरकवताच आली नसती. कोणतीही सेलोफेनमधली सिगार बोटांत धरून हलकेच फिरवून पाहावी; नळी जागेवर राहते आणि आतली सिगार फिरते. जे आवरण सिगारला धड टेकतही नाही, ते तिचे पान आवळून कसे धरणार? प्रत्यक्षात परिणाम उलटा होतो. सेलोफेन गुळगुळीत आणि चिवट असते. कटरचे पाते त्यावर आले की आधी ते दुमडते, पात्यासोबत आत ओढले जाते आणि पाते पानात शिरण्यापूर्वीच डोके दाबले जाऊन चपटे होते. पान चिरण्याचे एक मोठे कारण हा दाबच आहे. म्हणजे ज्या आपत्तीपासून वाचण्यासाठी हा उपाय सांगितला जातो, तीच आपत्ती या उपायाने ओढवते.

दुसरी अडचण नजरेची आहे. सिगार नेमकी कुठे कापायची हे टोपीची कड पाहून ठरवायचे असते. उजेडात धरल्यास डोक्याजवळ ही कड बारीक रेषेसारखी दिसते. क्यूबाच्या पद्धतीने वळलेल्या सिगारवर तर एकाखाली एक असे तीन वळसे दिसतात. साधारण दोन मिलिमीटरचा हा हिशेब असतो. नळीच्या टोकाशी सेलोफेन दुमडलेले, चुरगळलेले असते व त्यावर प्रकाश चमकतो, त्यामुळे त्यातून ही रेषा नीट दिसत नाही आणि माणूस अंदाजाने कापतो. अंदाज बहुधा खालीच चुकतो. तिसरी गोष्ट अशी की कापल्यानंतर सेलोफेनच्या बारीक चिंध्या कापलेल्या तोंडाशी चिकटून राहू शकतात, आणि हेच टोक ओठांत धरायचे असते. चौथी, सेलोफेन शेवटी काढावे लागतेच. कापलेली सिगार त्यातून ओढून काढताना नुकतीच मोकळी झालेली पानाची कड त्याला घासते आणि उचकटते.

एवढे मात्र मान्य केले पाहिजे की ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना बाह्य पानाला बोटे लावायची नसतात, त्यांच्यासाठी या सल्ल्याची एक योग्य आवृत्ती आहे. नळीचे तोंड उघडून सिगार अर्धी बाहेर सरकवावी, डोके पूर्ण उघडे करावे, उरलेली सिगार सेलोफेनमध्येच धरावी आणि मग उघडे डोके कापावे. यात सेलोफेन हातात राहते, पात्याखाली येत नाही. दुकानात अनेक हात लागणार असतील किंवा सिगार खिशातून न्यायची असेल, तर सेलोफेन उपयोगी आहेच. त्याचे काम तेवढेच आहे.

पान खरोखर फाटते ते वेगळ्या कारणांनी. सिगार कोरडी पडलेली असते, पाते बोथट असते, कापणारा भीत भीत सावकाश दाबतो किंवा टोपीच्या खाली कापतो. दोन पात्यांचा धारदार कटर घ्यावा, सिगारचे डोके त्याला टेकवून जागा पाहून घ्यावी आणि एका झटक्यात मिटावा. ज्यांना जागेचा अंदाज येत नाही त्यांनी कटर उघडून टेबलावर आडवा ठेवावा, सिगार डोके खाली करून त्यात उभी धरावी आणि कटर मिटावा. पाती कटरच्या जाडीच्या मधोमध असल्यामुळे छेद आपोआप टोपीच्या मर्यादेत राहतो. ही युक्ती गोल डोक्याच्या सिगारसाठी आहे. टोकदार आकाराच्या सिगार, उदाहरणार्थ मोंतेक्रिस्तो क्रमांक २, थोड्याथोड्या करून कापाव्यात, कारण तिथे प्रत्येक मिलिमीटरला छेदाचा व्यास वाढत जातो.

सेलोफेन हवाबंद असते, हे दुसरे विधान. सेलोफेन हे पेट्रोलियमपासून बनलेले प्लास्टिक नाही. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून ते तयार होते. जॅक ब्रांडेनबर्गर या स्विस रसायनतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ते विकसित केले. साध्या सेलोफेनमधून पाण्याची वाफ आरपार जाते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी ही उणीवच होती आणि म्हणून ड्यूपाँ कंपनीत विल्यम हेल चार्च यांनी १९२७ साली त्यावर लाखेसारखा पातळ थर देऊन ओलावा अडवणारे सेलोफेन तयार केले. सिगारसाठी मात्र साधे, वाफ जाऊ देणारे सेलोफेनच हवे असते, कारण सुमारे ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या पेटीत ठेवलेल्या सिगारला ती आर्द्रता सेलोफेनमधूनही मिळाली पाहिजे. वर्षानुवर्षे ठेवलेल्या सिगारवरचे सेलोफेन तंबाखूतील तेलांमुळे पिवळे, पुढे तांबूस होत जाते. याचा आपल्याकडे व्यावहारिक अर्थ असा की सेलोफेनच्या भरवशावर कपाटात ठेवलेली सिगार मुंबईच्या जुलैत फुगेल, कदाचित तिला बुरशीही येईल, आणि नागपूरच्या मे महिन्यात ती कुरकुरीत होईल. उलट कापण्याआधी दोन मिनिटे सेलोफेन काढून ठेवल्याने काहीही बिघडत नाही. क्यूबाच्या हाताने वळलेल्या बहुतेक सिगार आज पेटीत सेलोफेनशिवायच भरलेल्या असतात आणि त्या व्यवस्थित टिकतात.

बाह्य पान शोभेचे असते, हे विधान मला सर्वांत खटकले, कारण त्यात त्या पानामागच्या कष्टांविषयीचे अज्ञान आहे. हा समज आपल्याकडे कसा रुजला असावा याचा अंदाज करता येतो. बिडीवरचे पान तेंदूचे असते, आत तंबाखू असतो आणि वरचे पान म्हणजे निव्वळ गुंडाळी. सिगारलाही तोच हिशेब लावला गेला असावा. पण सिगारचे बाह्य पान हा तंबाखूच असतो आणि साधारणपणे सगळ्या सिगारमधला सर्वांत महाग तंबाखू असतो. ते पातळ, लवचीक, छिद्ररहित आणि जाड शिरा नसलेले हवे, म्हणून त्याची लागवडच निराळी असते. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता आबाहो भागात अशी शेते कापडाच्या मांडवाखाली झाकलेली असतात. अमेरिकेतील कनेटिकट नदीच्या खोऱ्यात, सुमात्राहून येणाऱ्या तलम पानाशी स्पर्धा करण्यासाठी, १९०० साली विंडसर येथे कापडाच्या सावलीत पीक घेण्याचा प्रयोग झाला आणि तिथले फिकट, रेशमी पान पुढे जगभर प्रसिद्ध झाले. इक्वेडोरमध्ये हेच काम आकाशातले ढग करतात.

हे पान सोलले तर काय उरते? बांधणीचे जाड, खडबडीत पान उरते. ते आकार धरण्यासाठी निवडलेले असते. बाहेरची हवा रोखणे हे त्याचे काम नाही. बाह्य पान गेले की बाजूंनी हवा आत शिरते, झुरका पोकळ लागतो, सिगार एका अंगाने भराभर जळते आणि मिश्रण करणाऱ्याने ठरवलेली चव राहत नाही. पान जरासे चिरले असेल तर त्यावर फळातील पेक्टिनचा किंवा सिगारच्याच डिंकाचा थेंब लावून ते बसवता येते. काहीजण कागदी पट्टी सरकवून त्या जागेवर आणतात. सोलणे हा उपाय नाही.

टोपी मुळापासून उडवण्याच्या सल्ल्याचे उत्तर वर सांगितलेल्या घडणीतच आहे. टोपी गेली की तिच्याखाली दडलेला पानाचा शेवट मोकळा होतो आणि ओठांच्या ओलाव्याने वळसे सुटू लागतात. डोक्याची गोलाई जिथे संपून सरळ बाजू सुरू होते, तिच्या वरच छेद राहिला पाहिजे. पन्नास मापाच्या सिगारचा व्यास जवळजवळ वीस मिलिमीटर असतो, कारण हे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. एवढ्या रुंदीला वरवरचा छेदही झुरक्यासाठी पुरतो. झुरका घट्ट वाटला तर आणखी थोडे कापता येते. कापलेली टोपी परत बसवता येत नाही. तिरुचिरापल्लीच्या प्रसिद्ध चिरुटांचे उदाहरण काहीजण इथे देतील. ते चिरूट दोन्ही टोकांना मुळातच उघडे असतात आणि तसे उघडे राहण्यासाठीच वळलेले असतात. टोपी असलेल्या सिगारला तो दाखला लागू होत नाही.

टोक भिजवण्याच्या सल्ल्यात तथ्याचा एक कण आहे. डोक्यावरचे पान किंचित कोरडे असेल तर ओठांनी क्षणभर ओलावल्यास ते मऊ होते व कमी तडकते. परंतु ‘चांगले भिजवणे’ म्हणजे टोपी धरून ठेवणारा डिंकच विरघळवणे. सिगार खरोखर वाळलेली असेल, तर तिला योग्य आर्द्रतेच्या पेटीत काही दिवस, वेळप्रसंगी काही आठवडे, ठेवण्याला पर्याय नाही. आणि थुंकीने भिजलेली सिगार घरातल्या किंवा दुकानातल्या सगळ्यांच्या कटरमध्ये घालणे ही इतरांवर केलेली अस्वच्छतेची सक्ती आहे.

कागदी पट्टीचा कापण्याशी काही संबंध नाही. ती घाईने सोलल्यास, डिंक पानापर्यंत पाझरलेला असल्यास, पान सोबत निघते. सिगार पेटून थोडी उबदार झाली की तीच पट्टी सहज सुटते.

उरले बारीक भोकाने धूर ‘गाळला’ जाण्याचे विधान, आणि इथे चुकीची किंमत एका सिगारपुरती राहत नाही. पंचने पाडलेले सात ते दहा मिलिमीटरचे भोक कशाचीही गाळणी नसते. उलट धूर एकाच वाटेने निघाल्यामुळे डांबर आणि ओलावा त्या भोकाशी साचतो आणि पुढचे झुरके कडवट होतात. सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते; धूर छातीत घेतला नाही म्हणून ते टळत नाही. मोठ्या सिगारमध्ये पाच ग्रॅमपासून सतरा ग्रॅमपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक तंबाखू असतो, तर सिगारेटमध्ये तो एक ग्रॅमहून कमी असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर स्वतंत्र अहवाल काढून तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या कर्करोगांशी तिचा संबंध स्पष्ट नोंदवला आहे. छेद सरळ असो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा असो किंवा गोल असो, त्यामुळे झुरक्याचा मोकळेपणा आणि तोंडातली चव बदलते. धुरातले कर्करोगकारक घटक सगळ्या छेदांतून सारखेच तोंडात येतात.