पोराचं इंग्लिश सुधारायचंय? मग घरात गप्प बसा

पालकहो, परवा शाळेच्या मीटिंगला आमचे डोळे उघडले. पोराचं इंग्लिश कच्चं, कारण आम्ही घरी मराठी बोलतो. मॅडमनी हे समजावून सांगितलं ते मराठीतच, तेव्हा शंकेला जागाच नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

फॉर्मवर ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असा रकाना असतो. बिनधास्त ‘इंग्लिश’ ठोकून द्या. घरी कोण बघायला येतंय?

आज्जीला गावाकडं धाडा. तिच्या गोष्टींनी पोराचे शब्द वाढतात, पण नको त्या भाषेत.

आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर भेळवाल्याला ‘तिखट कमी’ म्हणायचं नाही. डोळ्यांतून पाणी आलं तरी चालेल.

स्वतःला इंग्लिश येत नसेल तर तेवढं ‘कर’ मराठी ठेवा. ‘बेटा, मिल्क फिनिश कर, शूज वेअर कर.’ राजारामपुरीतल्या कुठल्याही दुकानात हे ऐकायला मिळतं. दहावीपर्यंत पोराला साधा अर्ज ना इंग्लिशमध्ये लिहिता येतो, ना मराठीत. दोन्हीकडं सारखाच न्याय.

गांधीनगरच्या कापडपेठेत पोराला नेऊ नका. तिथले सिंधी व्यापारी आपसात सिंधी बोलतात आणि आपल्याशी मराठीत घासाघीस करतात. उगाच पोराला वाटायचं, एका डोक्यात दोन-तीन भाषा सहज मावतात.

शाळेत मराठी बोललं की दंड असतो, त्याचे सुट्टे पैसे दप्तरात ठेवा. याच कोल्हापुरात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिना एक रुपया दंड. आता शाळेत धाडलं तरी दंड. वर फी आहेच.

आणि कसली ही फी? इंग्लिशच्या बाई वर्षात किती बदलल्या, त्यांचं त्यांना ठाऊक. बाईंनी उत्तरं फळ्यावर लिहायची, पोरांनी उतरवून घ्यायची, पाठ करायची. एखाद्यानं मोडकंतोडकं वाक्य जुळवलं तर वर्ग हसतो आणि बाई म्हणतात, ‘कीप क्वाएट’. दिवसभर ज्याला तोंड उघडू देत नाही त्याला इंग्लिश बोलता येत नाही, आणि दोष आमच्या स्वयंपाकघराचा! अहो, २००० सालापासून मराठी शाळांतसुद्धा पहिलीपासून इंग्लिश आहे. तेव्हाची पोरं आता आईबाप होऊन मीटिंगला येतात, तरी बोलायला बिचकतात. त्यांच्या घरानं काय घोडं मारलं होतं? त्यांनाही कुणी बोलायला शिकवलं नाही, एवढंच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय, शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा. वाचा की मॅडम, ते इंग्लिशमध्येही मिळतं.

आणि पालकांनो, तुम्ही माना कसल्या डोलावता? बसचे पैसे, गणवेशाचे पैसे, गॅदरिंगचे पैसे मागितले की रांगेत उभे राहता. वर्गात माझं पोरगं रोज किती वेळ इंग्लिश बोलतं, एवढं विचारायला जीभ का लुळी पडते?