एस्टीमचे तुटलेले स्टड : तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

'दोन बोल्टसाठी अठरा हजार सांगतात, दुसरीकडे दोन हजारांत झालं, इथे गिऱ्हाइकाला घाबरवतात,' असं तुम्ही आमच्या गॅरेजबद्दल लिहिलंत. गाडी मी स्वतः पाहिली होती, म्हणून उत्तरही मीच देतो.

तुमच्या २००७ च्या मारुती एस्टीमचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग) बिडाचा आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत आणि वर्षानुवर्षं तो ताण टोकाच्या स्टडवर, म्हणजे मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणाऱ्या बोल्टवर येतो. तेच दोन तुटलेत. एकाचं टोक बाहेर आहे, त्यावर नट वेल्ड केला की तो बहुतेक वेळा फिरतो. ते काम स्वस्तातलं आहे, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. खरी अडचण दुसऱ्याची. तो हेडच्या आत तुटलाय. जागेवर ड्रिल मारताना जरा तिरकं गेलं तर ड्रिल कडक स्टड सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं आणि आटे जातात. इझी-आउट (तुटका स्टड फिरवून काढायचं कडक हत्यार) आत मोडला तर त्यात साधं ड्रिल घुसतच नाही. मग हेड उतरवायचं, हेड गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट नवे घालायचे, मशीन शॉपमध्ये हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची नवी आटे-पट्टी) बसवून मॅनिफोल्डचा टेकणारा पृष्ठभाग सपाट करून घ्यायचा. अठरा हजार हा तिथपर्यंतचा आकडा. आधी कमी सांगून गाडी खोलल्यावर वाढवायचं, हे आमच्याकडे होत नाही.

तुम्ही टाकलेल्या फोटोत सांध्यावर पेस्ट भरलेली दिसते. स्टडची पकड नसेल तर ती फार टिकत नाही. सकाळी थंड इंजिन चालू करून बघा. टकटक आवाज येऊन गाडी तापल्यावर थांबला, तर गळती तशीच आहे. धातू फुगून फट तेवढ्यापुरती बुजते. त्या फटीतून बाहेरची हवा आत जाऊन ऑक्सिजन सेन्सर चुकीचं वाचतो, इंजिन जास्त पेट्रोल घेतं आणि ॲव्हरेज पडतं.

राहिला घाबरवण्याचा मुद्दा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बॉनेटखाली गळालेला धूर ब्लोअरमधून केबिनमध्ये येऊ शकतो. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत बसू नका, हे मी तुमच्या घरच्यांसमोर बोललो आणि पुन्हा बोलेन.

खर्च करायचा का, हे तुम्ही ठरवायचं. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण केलेलं आरसी पाच वर्षं चालतं. तुमचं २०२७ मध्ये संपतंय आणि त्यानंतर गाडी काढायचीच असेल, तर हेड उतरवायला मी सांगणार नाही. आतला तुटका स्टड जागेवर निघतोय का बघू, नाही निघाला तर तिथेच थांबू. पण गाडी ठेवायची असेल, तर आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासू. ते चांगलं निघालं तर या इंजिनवर पैसे घालणं मला योग्य वाटतं, आणि तेव्हा दोनच नव्हे, सगळेच स्टड बदलू. सकाळी इंजिन थंड असताना गाडी घेऊन या. तपासणीचे पैसे घेणार नाही.