चिमणीतून धूर येतोय का?

परळीला माझं सासर. एसटी शहराजवळ आली की खिडकीकडच्या माणसांच्या माना आपोआप थर्मलकडे, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राकडे, वळतात. वैद्यनाथाला हात जोडायचे ते नंतर, आधी चिमणी बघायची. "चालूय का बंदय?" असं कुणीतरी विचारतं आणि धूर दिसला नाही तर मागच्या सीटवरून "झालं, बसलं पुन्हा" असं ऐकू येतं.

आजकाल फेसबुकवर दोन तऱ्हेच्या पोस्ट दिसतात. पहिलीत असतं, कोळसा ताबडतोब बंद करा. दुसरीत, कोळसा बंद केला तर अंधारात बसाल. या दोन्ही पोस्टी लिहिणाऱ्यांना एकदा परळीला न्यावं असं फार वाटतं.

परळीत वीज बनवणारा पहिला संच १९७१ साली आला, ३० मेगावॉटचा. पुढे २१० चे तीन, मग २५० चे तीन आले. जुने एकेक करत निकालात निघाले आणि आता २५० चे तीन, म्हणजे ७५० मेगावॉट उरलेत. जुलै २०१५ मध्ये अख्खं केंद्र बंद पडलं होतं. कारण? पाणी. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातच पाणी नव्हतं, तर थर्मलला कुठून मिळणार! पाऊस झाला, पाणी आलं, तर आता दराची अडचण. वीज घेताना स्वस्त संच आधी, महाग नंतर, असा नियम आहे. परळीजवळ कोळशाची खाण नाही, कोळसा लांबून रेल्वेने येतो, त्यामुळे वीज महाग पडते. मागणी जरा उतरली की परळीला थांबा म्हणतात. थोडक्यात, 'कोळसा बंद' इथे कधीचा सुरू झालाय. कुणी तसं जाहीर तेवढं केलं नाही.

त्याच २०१५ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने सांगून टाकलं, २०२५ पर्यंत कोळशाची वीज बंद. शेवटचं केंद्र, रॅटक्लिफचं, ३० सप्टेंबर २०२४ ला थांबलं. मधली जवळजवळ नऊ वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं की हे जाणार. (त्यांचं फार कौतुक करायला नको. त्यांच्याकडचा १९८४-८५ चा कोळसा खाणकामगारांचा संप आणि त्यानंतर खाणी बंद पडल्यावर त्या गावांचं काय झालं, ते वाचून बघा. उशिरा शिकले, इतकंच.)

मी स्वतः वाढले दुसऱ्या एका थर्मलच्या वसाहतीत. नाव सांगत नाही, सांगून फरकही पडत नाही. तिथले जुने संच बंद झाले तेव्हा बाबा कायम नोकरीत होते, त्यांची बदली झाली. ट्रक आला, सामान भरलं, आम्ही निघालो. आमच्याकडे कायम येणारे एक काका ठेकेदाराकडे होते. कोळशाच्या बेल्टवर एकोणीस वर्षं. त्यांचा गेटपास पुढच्या महिन्यात नवा करून मिळाला नाही, बस. ना पत्र, ना नोटीस. तो जुना गेटपास, कडा उसवलेलं लॅमिनेशन, फोटोत काळेभोर केस, अजून त्यांच्या पाकिटात असतो. ते एकदा म्हणाले होते, "बंद करा की. पण लेकराच्या दहावीच्या वर्षात नका करू. एवढं आधी सांगा."

इतकी साधी मागणी मी एकाही धोरणात वाचलेली नाही.

दुसरी गोष्ट राखेची. २५० चा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला साधारण चार हजार टन कोळसा खातो. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राख धरा, म्हणजे एका संचाची रोज साधारण तेराशे टन राख. संच थांबतो, पण साठलेली राख केंद्राच्या राखेच्या तळ्यातच राहते. परळीत राख म्हणजे घाण आणि धंदा दोन्ही. तिच्यावर वीटभट्ट्या चालतात, राख वाहणारे बल्कर-हायवा ट्रक चालतात, अन् तीच रस्त्याकडेच्या ज्वारीवर बसते. संच बंद करायचा तर त्या तळ्याचं काय करणार, हेही त्याच कागदावर लिहून द्या ना.

आता सौर. मी सौरच्या बाजूने आहे, आणि माझं कारण हवामानबदलाच्याही आधीचं आहे. माझे दीर रात्री दोनला उठून मोटर चालू करायला जातात. हातात बॅटरी, पायात बूट, आणि सासूबाई ते परत येईपर्यंत जाग्या. दिवसा लाइट मिळाली तर ती आमच्या घरातली सगळ्यात मोठी क्रांती असेल. शेतीला दिवसा सौर वीज देण्याच्या सरकारी सौर कृषी वाहिनी योजनेत पॅनलसाठी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात, दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहूसाठी हे चांगले पैसे आहेत. पण ते सातबारा ज्याच्या नावावर त्याला. त्याच शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईचा रोज गेला त्याचं काय? पॅनल धुवायला अन् राखायला दोन-चार माणसं पुरतात. थर्मलमधल्या ठेक्याच्या माणसांकडे तर सातबाराच नाही.

आणि हो, सूर्य मावळतो. संध्याकाळी सातला घरोघरी पंखे, मिक्सर, टीव्ही चालू असतात तेव्हा पॅनल झोपलेले. घाटघरसारखा, वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवून, गरजेला ते सोडून वीज करणारा प्रकल्प २५० मेगावॉटचा आहे, तसे बरेच लागतील. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. त्यामुळे कोळसा उद्या जाणार नाही, हे मलाही कळतं. पण उद्या जाणार नाही म्हणून आज तारीख ठरवायची नाही, याला काय अर्थ आहे? उलट हातात वेळ आहे म्हणूनच ठरवा. कुठला संच कुठल्या वर्षी जाणार, गेटवर किती माणसं ठेक्यावर आहेत, त्यांची नावं काय, हे आत्ता लिहून काढता येतं.

मागच्या आठवड्यात त्या काकांचा फोन आला होता. मुलगा आता पुण्यात आहे, बरं चाललंय. ठेवता ठेवता म्हणाले, "तुझ्या सासरकडं सोलर येतंय म्हणं. वॉचमनचं काही असलं तर बघ की."