‘एसएसडी कॅश लावून काही फरक पडला नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्सच्या एलव्हीएममध्ये (डिस्कांची जागा एकत्र करून तिचे व्हॉल्यूम, म्हणजे भाग, पाडणारी व्यवस्था) ४ टीबी हार्ड डिस्कवरच्या लॉजिकल व्हॉल्यूमला ४०० जीबीची एसएसडी कॅश (वारंवार लागणारा डेटा वेगवान डिस्कवर ठेवणारी जागा) जोडली, ‘डीडी’ या कॉपी करणाऱ्या कमांडने ४० जीबीची फाइल लिहून पाहिली, वेग होता तेवढाच राहिला. माझा राइटथ्रूचा (लिहिलेलं लगेच हार्ड डिस्कवरही पोचवण्याचा) सल्ला फाजील सावधपणाचा आहे, सरळ राइटबॅक (आधी एसएसडीवर लिहून हार्ड डिस्कवर नंतर पोचवणं) सांगायला हवं होतं, असंही तुम्ही म्हणता.

आधी तुम्हीच दिलेली कमांड बघा: ‘एलव्हीक्रिएट -एल ४००जी -एन कॅश व्हीजी०’. शेवटी एसएसडीचं नाव नाही. कुठली डिस्क वेगवान आहे याच्याशी एलव्हीएमला काही देणंघेणं नसतं. ग्रुपमध्ये (एकत्र केलेल्या डिस्कांच्या गटात, इथे ‘व्हीजी०’) हार्ड डिस्कवर मोकळी जागा असली तर कॅशसुद्धा तिथेच तयार होऊ शकते. ‘एलव्हीएस -ए -ओ +डिव्हायसेस’ चालवा आणि ‘_सीव्हीओएल’ने संपणाऱ्या नावापुढे (तीच तुमची कॅश) कोणती डिस्क दिसते ते पाहा. हार्ड डिस्क दिसली तर ‘एलव्हीकन्व्हर्ट --अनकॅश’ करून कॅश काढा आणि पुन्हा बनवताना कमांडच्या शेवटी एसएसडीचं नाव न विसरता लिहा.

कॅश एसएसडीवरच असली, तरी तुमच्या चाचणीत फरक दिसणार नाही. राइटथ्रूमध्ये कॅशमध्ये असलेल्या ब्लॉकवर (डेटाच्या तुकड्यावर) लिहिलं तर ते दोन्ही डिस्कांवर पोचल्याशिवाय पूर्ण धरलं जात नाही. कॅशमध्ये नसलेला ब्लॉक बहुतेक वेळा थेट हार्ड डिस्कवरच जातो. म्हणजे लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कचाच राहणार. शिवाय ४० जीबी सलग लिहिणं हे हार्ड डिस्कला बऱ्यापैकी जमणारं काम आहे. तिची दमछाक होते ती विखुरलेल्या छोट्या वाचनांत, आणि कॅशचा उपयोग तिथेच आहे. ‘एसएमक्यू’ ही पॉलिसी (कॅशमध्ये काय ठेवायचं हे ठरवणारा नियम) वारंवार मागितलेले ब्लॉकच एसएसडीवर आणते, एकदाच वाचलेली फाइल आणत नाही.

म्हणून मोजायचं असेल तर ‘एफआयओ’ हे डिस्कचा वेग मोजणारं साधन वापरा: रँडरीड (विखुरलेली वाचनं), ब्लॉक ४ केबी, डायरेक्ट १, आणि रँडम डिस्ट्रिब्युशन झिप्फ १.१, म्हणजे काही भाग पुन्हा पुन्हा मागितला जाईल. डायरेक्ट १ नसेल तर उत्तर रॅममधून येतं आणि तुम्ही डिस्क मोजतच नाही. हीच चाचणी त्याच फाइलवर लागोपाठ चार-पाच वेळा चालवा. पहिल्या फेरीचा आकडा धरू नका, तेव्हा कॅश रिकामी असते. प्रत्येक फेरीनंतर ‘एलव्हीएस’मध्ये कॅशचे रीड हिट (कॅशमध्ये सापडलेली वाचनं) आणि रीड मिस (न सापडलेली) हे दोन रकाने बघा. हिट वाढत नसतील तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही.

आता ४०० जीबी. मोठी कॅश म्हणजे चांगली कॅश, हा समज इथे नडतो. एलव्हीएम मुळात ६४ केबीचा चंक (कॅशमध्ये एका वेळी आणायचा तुकडा) धरतं, पण चंकांची संख्या १० लाखांच्या आत ठेवायची म्हणून ४०० जीबीला तो आपोआप ४४८ केबी होतो. कॅश बनवताना तशी एक ओळ स्क्रीनवर येते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत. परिणाम असा की ४ केबीचा एक लोकप्रिय ब्लॉक वर आणायला हार्ड डिस्कवरून ४४८ केबी वाचावे लागतात आणि एसएसडीवर तेवढेच लिहावे लागतात. त्यात मायग्रेशन थ्रेशोल्ड (दोन डिस्कांमध्ये एका वेळी किती डेटा हलवायचा याची मर्यादा) निदान ८ चंकांएवढा हवा. मूळ आकडा २०४८ सेक्टर (५१२ बाइटचे), म्हणजे १ एमबी. तुमच्या चंकाला ७१६८ सेक्टर लागतील. नवं एलव्हीएम हे स्वतः सांभाळतं, जुन्यात हाताने ‘एलव्हीचेंज --कॅशसेटिंग्ज’ने द्यावं लागतं. माझा सल्ला: कॅश ६० जीबीची करा, चंक ६४ केबीच राहील. उरलेल्या एसएसडीवर वेगळा व्हॉल्यूम काढून डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीनच्या डिस्का सरळ तिथेच ठेवा. जे एसएसडीवर मावतं त्याला कॅशची गरजच नाही.

राइटबॅकबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. त्यात नुकतं लिहिलेलं काही काळ फक्त एसएसडीवर असतं. ती एक एसएसडी गेली की हार्ड डिस्कवर उरते ती अर्धवट, विसंगत फाइल सिस्टम. जर्नलचे (फाइल सिस्टममधल्या बदलांच्या नोंदवहीचे) ब्लॉकही कॅशमध्येच अडकलेले असू शकतात. राइटथ्रूमध्ये एसएसडी मेली तर व्हॉल्यूम चालू व्हायला अडतो, पण कॅश जबरदस्तीने काढली की डेटा जसाच्या तसा मिळतो. आणखी एक: कोणता ब्लॉक डर्टी आहे (एसएसडीवर बदललाय, पण हार्ड डिस्कवर अजून गेला नाही) ही नोंद डिस्कवर सतत ठेवली जात नाही. वीज गेली किंवा मशीन क्रॅश झालं तर पुढच्या वेळी सगळे ब्लॉक डर्टी धरून पुन्हा हार्ड डिस्कवर लिहिले जातात. कॅश मोठी असेल तर हे काम लांबतं आणि तोवर हार्ड डिस्क गुंतलेली राहते.

तरीही राइटबॅक हवंच असेल तर दोन एसएसडी घ्या, कॅशचा डेटा आणि मेटाडेटा (कॅशमध्ये कुठे काय आहे याची नोंद) हे दोन्ही व्हॉल्यूम रेड १ मध्ये (दोन्ही एसएसडींवर तीच प्रत) बनवा, त्यांचं कॅशपूल (दोन्ही मिळून एक कॅश) करा आणि मग जोडा. फक्त लिहिणंच वेगवान करायचं असेल तर ‘राइटकॅश’ हा वेगळा प्रकार आहे (कर्नल ४.१८ पासून). तो वाचनासाठी काही साठवत नाही, आणि एसएसडी मेली तर काय होतं हा प्रश्न त्यालाही लागू आहे.

रूट व्हॉल्यूमला (ज्यावर सिस्टम स्वतः आहे त्याला) कॅश लावणार असाल तर डेबियनवर आधी ‘थिन-प्रोव्हिजनिंग-टूल्स’ हे पॅकेज टाका आणि त्यातलं ‘कॅश_चेक’ इनिटरॅमएफएसमध्ये (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या सिस्टममध्ये) आलंय का ते बघूनच रीबूट करा. ते नसेल तर रूट सापडत नाही आणि मशीन तिथेच थांबतं.

‘एलव्हीएस -ए’चं आउटपुट आणि एफआयओच्या दुसऱ्या फेरीनंतरचे आकडे इथे टाका, पुढचं त्यावरून बघू.